धारकरांची रेकॉर्ड

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलत. नवीन पाहुण्याला वाटायचं, भांडण चाललंय. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कमी ऐकू यायचं. देवासच्या एका कारखान्यात ते प्रेस शॉपमध्ये होते. पत्र्याला एका ठोक्यात आकार देणारी मोठमोठी यंत्रं तिथं दिवसभर आदळत असत. मी आईच्या कडेवर असताना ते त्या कामावर लागले, आणि मी कॉलेजात गेलो तोवर डाव्या कानातलं जवळजवळ सगळं आणि उजव्यातलं निम्मं तिथंच राहून गेलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं त्याच्याही आधी गेलेली. आई त्यांना जेवायला हाक मारायची ती शेजारच्या क्वार्टरमधल्या माणसांनाही कळायची. ज्वारीची भाकरी थापल्याचा आवाज त्यांना ऐकू येत नसे, पण पाटावर बसले की जमिनीतून तो कळतो असं ते म्हणत. मला ते खरं वाटायचं नाही. आता माझ्याच कानात यंत्र आहे, आणि नातीनं वरच्या खोलीत उडी मारली की खुर्चीच्या दांड्यातून मला कळतं, तेव्हा वाटतं की त्यांचं सगळं बोलणं मी असंच अर्धवट ऐकलं असणार.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. कराडकडून नोकरीसाठी आलेलं आमचं कुटुंब. आमच्या मागे शिकलेलं कुणी नव्हतं. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं. ते का घेतलं हे मला नीट सांगता यायचं नाही. येत नव्हतं म्हणूनच घेतलं असावं. वर्गात सर इंग्रजी कविता हिंदीत समजावून सांगत, आणि मी घरी येऊन शब्दकोशाशेजारी ती पुन्हा मराठीत मांडत बसायचो. जेवताना मी अण्णांना त्यातलं काही सांगायला जायचो. ते मान हलवायचे, "हं" म्हणायचे, आणि थोड्या वेळानं विचारायचे, "पास हुशील न्हवं?" दोन वर्षांत त्यांनी मला याहून वेगळा प्रश्न विचारला नाही. मीही त्यांना कधी काही विचारलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रणजित माझ्या वर्गात आला तो धारहून. त्याचे पणजोबा धारच्या दरबारात मानकरी होते, वडिलांचा पेट्रोलपंप होता, आणि इंदूरच्या कॉलेजात नापास झाल्यामुळे त्याला देवासला आत्याकडे ठेवलं होतं. आत्याचं घर थोरल्या पातीच्या, म्हणजे देवासच्या दोन राजघराण्यांतल्या मोठ्या घराण्याच्या, दरबाराशी जोडलेलं. ती त्याला अजून "आपण" म्हणायची, आणि तोही तिला आत्यासाहेब म्हणायचा. बाहेर मात्र तो सगळ्यांशी हिंदीत, "भिया, सुन तो सही" असं बोलत फिरायचा. इंग्रजी त्याला न शिकता येत होतं. सरांनी प्रश्न विचारला की तो खिडकीबाहेर बघत उत्तर द्यायचा, आणि मी उत्तर माहीत असून पहिला शब्द शोधत राहायचो. मला त्याचा राग येत नव्हता. राग आला असता तर सोपं झालं असतं. तो चांगला होता, मला शेव-पोहे खाऊ घालायचा, आणि त्याच्या स्कूटरवर मागं बसताना मला रोज थोडं कमी वाटायचं.

एके दिवशी त्यानं एक मोठी रेकॉर्ड दाखवली. त्याचा मामेभाऊ इंग्लंडमध्ये राहायचा, त्यानं पाठवलेली. कव्हरवर काळापांढरा फोटो होता: मनगटापाशी कापलेला एक हातमोजा, आणि त्यावर टोचलेलं एक सरकारी पदक. नाव होतं 'नॉट युवर हँड्स'. म्हणजे, हे हात तुमचे नव्हेत. रणजितला कव्हर आवडलं होतं आणि गोंगाट आवडला होता. आतला छापील कागद त्यानं उघडलाही नव्हता.

"तू पढ ना भिया," तो म्हणाला. "तुझ्याकडे शब्दकोश आहे, पेशन्स आहे. मला मतलब सांग."

तो कागद मी चार दिवस वाचत होतो. रेकॉर्ड काढणारी चार पोरं एका कारखान्यांच्या गावातली होती. पंक नावाच्या संगीताची ही आणखी कडक, आणखी जोरात वाजणारी जात आहे असं त्यांनीच लिहिलं होतं: गाणं दीड मिनिटाचं, कारण जेवणाच्या सुटीत तेवढंच म्हणता येतं. गाणाऱ्याचा थोरला भाऊ प्रेसवर काम करायचा आणि त्याचा हात गेला होता. कंपनीनं घरी पत्र पाठवलं की कामगारानं निष्काळजीपणा केला. पोरांनी ते पत्र जसंच्या तसं कव्हरच्या मागच्या बाजूला छापलं, मालकाच्या सहीसकट. त्यावरून दुकानदारांनी रेकॉर्ड ठेवायला नकार दिला, एका दुकानातून पोलिसांनी गठ्ठा उचलून नेला, आणि पोरं कारखान्याच्या गेटवर उभी राहून ती विकू लागली; हा कागद त्यानंतर काढलेल्या दुसऱ्या खेपेतला होता. एवढं मी शब्दाशब्दाला अडखळत वाचलं. प्रेस हा शब्द आला तेव्हा मी वर पाहिलं. अण्णा समोर बसून उजव्या हातानं, उरलेल्या बोटांनी, सुपारी कातरत होते. मी पुन्हा शब्दकोशात डोकं घातलं.

रविवारी रणजित रेकॉर्ड प्लेअर घेऊन आमच्याकडे आला. झाकणातच स्पीकर असलेला तो पेटीसारखा प्लेअर होता. आईनं घाईघाईनं सतरंजी टाकली. अण्णा उठून उभे राहिले, स्वतःच्या घरात, माझ्या वयाच्या मुलासाठी.

"बसावं काका, आपण बसावं," रणजित म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसला.

त्यानं रेकॉर्ड लावली. मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर वाजते आणि छोटी पंचेचाळीसवर, एवढं आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याच्या घरच्या सगळ्या मोठ्या तबकड्या तशाच होत्या. त्यानं खटका तेहतीसवर केला. पेटीतून जे बाहेर आलं त्याला मी गाणं म्हटलं नसतं. जड, खोल, एकामागून एक ठोके, आणि त्यांच्याखाली कुणीतरी विहिरीतून बोलावं तसा भरडा, रेंगाळणारा आवाज. आई स्वयंपाकघरात निघून गेली. मी अण्णांकडे बघायचं टाळत होतो. मग लक्षात आलं की ते पुढं सरकलेत. त्यांनी तळहात पेटीवर ठेवला, डोळे मिटले, आणि हसले. अण्णांना हसताना मी पाहिलं नव्हतं असं नाही, पण ते हसू वेगळं होतं, गावाकडचं कुणी अचानक भेटल्यासारखं.

"ह्ये तर आपलं शॉप हाय," ते म्हणाले. "आन् ह्यो माणूस बोलतोय त्येबी ऐकू येतंय मला. लावा पुन्यांदा."

रणजितनं तीनदा लावली. मग त्यानं सहज विचारलं, पाणी मागावं तितक्या सहज, "काका, आपली बोटं कशी गेली?"

आणि अण्णांनी त्याला सांगितलं. तीन नंबरच्या प्रेसला पुढं लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जाळी लावली की माल कमी निघतो, म्हणून साहेब जाळी काढायला लावतात. त्या दिवशी पत्रा तिरका बसला आणि सरळ करायला गेलेला हात बाहेर यायच्या आत वरचा ठोका आला. वेदना झाली नाही, म्हणाले, आधी उबदार वाटलं. कागदावर आपलीच चूक म्हणून अंगठा घेतला, तोही डावा, कारण उजवा बांधलेला होता. हे सगळं ते रणजितच्या तोंडाकडे बघत, ओठ वाचत, हळू आवाजात सांगत होते. आमच्या घरात हळू आवाजात कुणी बोललेलं मी प्रथमच ऐकत होतो. इतकी वर्षं त्या हाताशेजारी बसून मी जेवलो होतो.

त्या दिवशी आईनं मिरचीचा ठेचा वाढला. रणजितच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी तो "काय सुंदर झालाय काकू" म्हणत खात राहिला, आणि अण्णांनी आपल्या वाटीतलं दही उचलून त्याच्या ताटात घातलं. "धारकर, दमानं," ते म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव धारकर पडलं. धारकर आले का. धारकरांना सांग. मी सुभ्या होतो, ते अहोजाहो होते.

धारकर दर रविवारी येऊ लागले. मला वाटायचं, आज नको यायला. आणि तो आला नाही तर अण्णा दाराकडे बघत बसायचे ते मला त्याहून सहन होत नसे. मी रेकॉर्डमधल्या गाण्याचं मराठी केलं. फार मेहनतीनं केलं. "हात भाड्यानं घेतलेत तुम्ही, परत देताना बोटं मोजून द्या," ही ओळ मला जमली तेव्हा मी एकटाच देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांपर्यंत चालत जाऊन आलो. अण्णांना वाचून दाखवण्यासाठी मी तो कागद चांगल्या अक्षरात लिहिला. पण मी वाचू लागलो की माझा आवाज बारीक व्हायचा, ते "काय? काय?" करायचे, आणि शेवटी कागद रणजितच्या हातात जायचा. त्याचा आवाज भरदार होता. अण्णा ऐकत, मान डोलावत, आणि रणजितला म्हणत, "ब्येस."

याच सुमारास मला ते कळलं. रणजितनं पेटी आणि रेकॉर्ड आमच्याकडेच ठेवली होती आणि एका दुपारी, घरात कुणी नसताना, मी तबकडीवरच्या गोल कागदावरची बारीक अक्षरं उतरवून घेत होतो. अगदी कडेला लिहिलं होतं: ४५. मी खटका बदलला आणि सुई ठेवली. विहिरीतला माणूस गेला. त्याच्या जागी एक किरट्या आवाजाचा, घाईतला, संतापलेला पोरगा आला, साधारण माझ्याच वयाचा. शब्दसुद्धा आता जरा कळत होते. आम्ही सगळे दोन महिने चुकीचं गाणं ऐकत होतो. मी खटका परत तेहतीसवर आणला, सुई उचलली, आणि कव्हर होतं तसं ठेवलं. रणजितला माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानंही झाला नव्हता. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण तो आनंदच होता.

गणपतीत आमच्या वस्तीच्या मंडळाचा विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम रविवारी सकाळी असायचा. अण्णा मंडळात होते; त्यांच्याकडे खुर्च्यांचं आणि सतरंज्यांचं काम असे. त्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी सभेत तोंड उघडलं. परदेशातल्या कामगारांचं एक गाणं आहे, त्याची रेकॉर्ड लावू आणि मराठीत अर्थ सांगू, असं त्यांनी सुचवलं. सेक्रेटरींना त्यात काही वावगं दिसलं नाही. प्रमुख पाहुणे म्हणून कारखान्याचे प्रॉडक्शनचे साहेब येणार होते, तेच जाळी काढायला लावणारे. सेक्रेटरींना ही गोष्ट सुचली नव्हती. अण्णांना सुचली होती.

"सायबाच्या म्होरं वाचायचं," ते घरी म्हणाले. "नाव नाय घ्यायचं कुनाचं. गानं हाय, गान्यासारखं वाचायचं. त्याला कळंल."

"मी वाचतो," मी म्हणालो.

त्यांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं, ऐकू न आल्यामुळे की कसं कोण जाणे. मग म्हणाले, "धारकर वाचतील. त्यांचा आवाज हाय. तू प्येटी आन."

कार्यक्रमाच्या दिवशी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पहिल्या रांगेच्या कडेला, स्पीकरजवळ, उजवा कान पुढं करून बसले. प्रेस शॉपमधले त्यांचे सोबती मागं भिंतीला टेकून उभे होते. साहेब मध्ये, गळ्यात झेंडूचा हार. दोन नाच आणि एक नाट्यछटा झाली. मग रणजितनं सुई ठेवली आणि तो जड, खोल आवाज मांडवभर पसरला. बायकांनी कानात बोटं घातली. मागून एक सोबती हसून म्हणाला, "अरे, ये तो अपनी तीन नंबर है." दुसरा म्हणाला, "बिना जाळी की." साहेबांनी मान वळवून मागं बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मागचे लोक हसायचे थांबले, पण नजर खाली घातली नाही कुणी. रणजितनं माझा कागद उघडला, आणि अण्णांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं असं त्याच्याकडे बघितलं, तसा मी उभा राहिलो.

"रणजित, स्पीड चुकलाय," मी मोठ्यानं म्हणालो. त्या दिवशी माझा आवाज बारीक झाला नाही. "ही पंचेचाळीसची रेकॉर्ड आहे. इतके दिवस तू चुकीची लावतोयस."

त्यानं माझ्याकडे बघितलं. काही म्हणायच्या आत मी पुढं होऊन खटका सरकवला. तो जड आवाज एकदम वर चढला आणि माकडं भांडावीत तसं काहीतरी पेटीतून बाहेर पडू लागलं. आधी लहान पोरं हसली. मग बायका, मग सगळा मांडव. साहेब इतके हसले की चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "बहुत अच्छे," ते टाळ्या वाजवत म्हणाले, "ये तो कॉमेडी आयटम निकला." मागचे सोबतीही हसत होते, हसल्यावाचून इलाज नव्हता.

अण्णा तेवढे हसत नव्हते. त्यांनी कानाच्या मागं तळहात धरला होता. ते पेटीकडे आणखी वाकले, मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बंद केलं व्हय?"

पेटी पूर्ण आवाजात वाजत होती. वरचे, बारीक आवाज त्यांच्या कानांतून केव्हाच गेले होते, हे मला डॉक्टरांनी पुढं पुष्कळ वर्षांनी समजावलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं की तो विहिरीतला माणूस फक्त अण्णांशी बोलत होता, आणि मी त्याला घालवून दिला. रणजितला ते माझ्याआधी कळलं. त्यानं खटका परत तेहतीसवर आणला. अण्णांचा चेहरा निवळला. पण लोक अजून हसतच होते, सेक्रेटरींनी घाईनं सुई उचलली, आणि पुढच्या नाचाचं नाव पुकारलं. कागद वाचायचा राहिला तो राहिलाच.

बाहेर रणजितनं तो घडी घालून माझ्या खिशात ठेवला. "कब से पता था भिया?"

"आत्ताच कळलं," मी म्हणालो.

"अच्छा," तो म्हणाला. त्यानं ते खरं मानलं नाही, आणि तसं दाखवलंही नाही.

अण्णा खुर्च्या घडी करून एकावर एक ठेवत होते. मी मदतीला गेलो. शेवटची खुर्ची ठेवून ते म्हणाले, "धारकरांना च्या दिलास का?" एवढंच. ते मला रागावले असते तर मी काय सांगितलं असतं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

त्या दिवाळीनंतर तीन नंबरवर त्यांच्या एका सोबत्याचा अंगठा गेला, ज्यानं मांडवात बिना जाळीचं म्हटलं होतं त्याचाच. माझा कागद वाचला गेला असता तर जाळी लागली असती असं मी म्हणत नाही. साहेब कदाचित हारासकट उठून गेले असते आणि अण्णांची बदली झाली असती. पण ते काय झालं असतं हे ठरवणं अण्णांच्या हातात होतं, आणि त्यांना पेलवत होतं. मी ते एका खटक्यानं काढून घेतलं. रणजितचं येणं हळूहळू थांबलं, पेटी आणि रेकॉर्डही तो घेऊन गेला. पुढं तो धारला परत गेला, पेट्रोलपंपावर बसू लागला. मी मास्तर झालो, सोनकच्छच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पहिला शब्द शोधणाऱ्या मुलांना जास्त वेळ दिला.

खूप वर्षांनी एकदा रणजित आला होता. अण्णा झोपले होते, त्यानं उठवू दिलं नाही. पेटी आणि रेकॉर्ड दारात ठेवून म्हणाला, "काकांसाठी. माझ्या घरी आता कोण सुनतंय."

अण्णा तेव्हा फार थकलेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खाटेशेजारी पेटी मांडली, तेहतीसवर खटका केला आणि त्यांचा उजवा हात उचलून झाकणावर ठेवला. ठोके सुरू झाले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. तीन बोटं हळूहळू पसरली. मी जुना कागद काढला, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, जितका जाड करता येईल तितका आवाज जाड करून. बोटं मोजून द्या, इथं आलो तेव्हा ते हसले.

"धारकर बरे हायेत न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत," मी म्हणालो. इतक्या वर्षांनीसुद्धा पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच.

"लय ब्येस लिव्हलंय त्यांनी," अण्णा म्हणाले.

कागद माझ्या हातात होता, माझ्या अक्षरातला. सुई शेवटच्या रेघेत फिरत होती. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "हो अण्णा. फार चांगलं लिहिलंय त्यांनी." मग सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.